आईच्या आवाजाचा डबा

दादा म्हणजे सगळ्या गोष्टी दोन-दोन ठेवणारा माणूस. गाडीच्या किल्ल्या दोन, चष्मे दोन, खिशात पेनंही दोन. त्यामुळे घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज कायमचा जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिचं बोलणं साठवून ठेवायचं काम त्यानेच अंगावर घेतलं. त्याच्या टेबलाखाली कॉम्प्युटरला जोडलेला दोन डिस्कांचा डबा होता. एकीवर जे लिहिलं जाईल तेच आपोआप दुसरीवर. एक गेली तरी दुसरी शाबूत. पुढे आई टाइप करेल ते त्या रेकॉर्डिंगवरून फोन तिच्याच आवाजात बोलणार होता. ताईला हे आधी थोतांड वाटलं होतं. पण आई हौसेने बोलायला बसली आणि ताईलाही आस लागली.

आता आई गळ्याला पट्टी बांधून घरी आली होती, आणि डबा उघडत नव्हता.

बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्या डेटावाल्याने काचेच्या बंद कपाटातली उघडी डिस्क दाखवली. चकचकीत तबकडीवर गोल ओरखडा होता.

"वाचणारं टोक इथे घासत राहिलंय. ही काळी पूड दिसते ना, तोच तुमचा डेटा."

"मग दुसरीवर तर असेलच ना?" ताईने विचारलं.

"दुसरी पूर्ण वाचता आली."

ताईचा जीव भांड्यात पडला. दादा मात्र मान वर करेना. डेटावाल्याने स्क्रीन फिरवली. विजेची बिलं, विम्याचे कागद, कुठल्याशा सहलीचे फोटो. आई बोलायला बसली त्याच्या आधीच सगळं संपत होतं.

"ही डिस्क तेव्हाच जोडीतून बाहेर पडलीय. पुढचं सगळं एकट्या पहिलीवर गेलं. अशा वेळी डबा ओरडतो. ओरडला नाही?"

"ओरडत होता," दादा म्हणाला. "रेकॉर्डिंगमध्ये यायचं ते. मी तो आवाज बंद केला."

"तुला माहीत होतं?" ताईचा आवाज चढला.

"एक चालू होती ना गं. नवी टाकायची तर काम थांबवावं लागलं असतं, आणि आईचा घसा रोज जास्तच बसत होता. म्हटलं, आधी तिचं बोलून होऊ दे. मग हॉस्पिटल, औषधं..."

ताईला त्याला फाडून खावंसं वाटलं. पण 'ते पीं-पीं आधी बंद कर रे' असं शेजारच्या खोलीतून ओरडली होती ती स्वतः. ती डेटावाल्याकडे वळली.

"आणखी कुणाकडे दाखवलं तर?"

"जरूर दाखवा. पण पुडीतून कुणी आवाज काढत नाही, ताई."

बाहेर आल्यावर दादाने पिशवीतून कोरी डिस्क काढली. सकाळीच घेतली होती म्हणे.

"बैल गेला आणि झोपा केला," ताई म्हणाली. दादाने मान हलवली आणि डिस्क परत पिशवीत ठेवली.

घरी आई खुर्ची दाराकडे वळवूनच बसली होती. दादाने काही लपवलं नाही. डिस्क कधी गेली, आपण काय केलं, सगळं सांगितलं आणि लहानपणी उभा राहायचा तसा खाली मान घालून तिच्यासमोर उभा राहिला. असला घोळ घातल्यावर आई त्याला सोडणं शक्यच नव्हतं.

आईने तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या, ओठ हलले, पट्टीखालून नुसती हवा आली.

"काय म्हणाली?" दादाने विचारलं.

"गाढवा म्हणाली."

आईने नाही म्हणून हात हलवला. तसं नाही. मी जसं म्हणायचे तसं. तिने ताईकडे बोट केलं: तू म्हणून दाखव.

ताईने तोंड उघडलं. जन्मभर ऐकलेला शब्द, महिन्यापूर्वीपर्यंत रोज कानावर पडणारा. पण आई त्यात 'ढ' कुठे ओढायची आणि हसू कुठे मिसळायची, ते तिला आताच नीट आठवेना.