घट्ट हात, सैल हात

मी एक जुनी सुई आहे. पण मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. फाटके खिसे शिवणारी, बटणं टाचणारी सुई ती मी नव्हे. मी मणी विणणारी सुई. माझं अंग केसासारखं बारीक आणि नेढं इतकं अरुंद, की दोरा आधी ओठांनी ओला करून टोकदार करावा लागतो, तेव्हा कुठे मी त्याला आत घेते. आलतूफालतू दोऱ्याला मी उभंच करत नाही.

पोलादाची तार ओढून, तासून, घासून मला घडवलं. कारखान्यात माझ्या जाडजूड बहिणी मला हसायच्या. "ही काडी काय शिवणार?" मी म्हटलं, "शिवणं तुम्हीच करा. मी दागिने करणार." आणि केलेच.

माझी मालकीण किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. गल्लीत तिला सगळे मणीवाल्या बाई म्हणत. खिडकीशी टेबल, टेबलावर मणी घरंगळू नयेत म्हणून जाड कापड, आणि डब्याच्या झाकणात मणी. तिची आवडती वीण साधी दिसे, पण साधी नव्हती. एक मणी घ्यायचा, एकाची जागा सोडायची, पुढच्या मण्यातून निघायचं. परतताना त्या मोकळ्या जागी मणी बसवायचा. पट्टी विटांच्या भिंतीसारखी चढत जाई, म्हणून ती तिला भिंतच म्हणे.

तिचा हात घट्ट. दोरा असा ओढायची की मणी एकमेकांना चिकटून बसलेच पाहिजेत. "भिंत हलता कामा नये," हे तिचं म्हणणं. तिचे कमरपट्टे आणि कडी बघून लोक तोंडात बोट घालत. मीही त्या कौतुकातला माझा वाटा बिनदिक्कत घेत असे. का घेऊ नये? प्रत्येक मण्यातून मी गेले होते.

मग तिच्या लेकीचं लग्न ठरलं. मालकिणीने गळाभर रुंद हार करायला घेतला. दोन बाजू वेगवेगळ्या विणायच्या आणि पुढे गळ्याशी जोडायच्या. उजवी बाजू झाली, आणि तिच्या डोळ्यांनी दगा दिला. दोरा नेढ्यात जाईना. तिने नेढ्याला शिव्या घातल्या. दोष माझा नव्हता, तरी ऐकून घेतलं. अर्धा हार डब्यात गेला आणि मी टाचण्यांच्या उशीत. मित्रांनो, ते दिवस आठवायलाच नकोत. टाचण्यांशी काय बोलणार? एकदा तर होणाऱ्या जावईबापूंनी माझ्याने दात कोरले. दात!

शेवटी मालकिणीच्या सुनेने मला बाहेर काढलं. "आई, मला शिकवाल? हार पुरा करते."

"तू? तुझ्या हातून भाजीत मीठ राहत नाही, हारात मणी राहतील?"

"मीठ विरघळतं, आई. मणी विरघळत नाहीत."

मालकिणीने मण्यांचं झाकण तिच्यापुढे सरकवलं. म्हणजे हो म्हणाली.

सून शिकली, पण सुखासुखी नाही. एका जागी दोन मणी घाली, कडेचं वळण विसरे, मग पट्टी एका बाजूने निमुळती होत जाई. चूक दिसली की मला आल्या वाटेने मागे ढकली. मी दोऱ्यातच शिरे आणि दोरा चिरे. मालकीण ओरडे, "अगं, उसवताना सुई काढून ठेवायची! गाडी आहे का ती, मागे घ्यायला?"

हळूहळू तिचा हात बसला. पण हात सैल. मालकीण पट्टी चाचपून म्हणाली, "ही भिंत आहे की पडदा?" सुनेने जोर लावून ओढलं, तर दोरा तटकन तुटला आणि मणी कपाटाखाली पळाले.

"ओढ अजून!" मालकीण म्हणाली.

मग मात्र सुनेने आपल्याच सैल हाताने डावी बाजू पुरी केली. जोडण्याआधी दोन्ही बाजू लेकीच्या गळ्याला लावून बघितल्या. लेक आरशासमोर उभी राहिली. डावी बाजू गळ्यावर अलगद निजली. उजवी पुठ्ठ्यासारखी ताठ.

"आई, ही बाजू टोचते गं."

"ती मी केलेली आहे."

"म्हणूनच मान हलवू देत नाही!"

लेकीने दोन्ही बाजू काढून टेबलावर ठेवल्या. "राहू दे, आई. मी बाजारातला घालीन."

मालकिणीचा चेहरा मी पाहिला. आईच्या हातचा हार लेकीच्या गळ्यात पडणार नाही, हे तिला डोळ्यांपेक्षा जास्त लागलं होतं. सून घाईने म्हणाली, "मी माझी बाजू उसवते, आई. पुन्हा घट्ट करते."

मालकिणीने दोन्ही बाजू हातात घेतल्या. एक बोटावर वाकवली. दुसरी वाकवायला गेली, ती वाकेना. बराच वेळ ती बोटांनीच बघत राहिली.

"तुझी कशाला उसवायची?" ती म्हणाली. "माझी घट्ट वीण कंबरेला ठीक आहे. मानेवर भिंत बांधतं का कुणी?"

सून उजव्या बाजूला हात घालणार, तोच मालकिणीने तिचा हात झटकला. "माझी आहे. मीच उसवणार."

विणायला डोळे लागतात, उसवायला बोटं पुरतात. एकेक मणी झाकणात टपटपत गेला. तिने कुणाला मदत करू दिली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. झालं, तेव्हा तिने मला उचललं. इतक्या वर्षांत तिच्या बोटाच्या बाकाने मीही थोडी वाकले होते.

"ही घे," ती सुनेला म्हणाली. "वाकडी आहे, पण तुझ्याशी सरळ वागेल."

वागले. उजवी बाजूही सुनेनेच सैल हाताने पुन्हा विणली. लग्नात तो हार लेकीच्या गळ्यात असा वळत होता, जणू तिच्याबरोबर तोही हसत होता. बायका विचारत, "कुणी केला?" मालकीण म्हणे, "सुनेने." आणि त्या निघाल्या की मागून आवाज देई, "शिकवलं कुणी, ते विचारायचं राहिलं वाटतं!"

तेव्हा मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला ओल्या जागी ठेवू नका, गंजेल. दात तर मुळीच कोरू नका. आणि कुणी नवा हात शिकायला बसला, तर टोचायचं काम माझ्यावर सोडा. मी एकदाच टोचते. जिभेला ते जमत नाही.