दोन्ही हातांत तबक

लवू तांडेल माझ्या संध्याकाळच्या वर्गात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दप्तर आणलं नव्हतं, काठी आणली होती. सोबत त्यांची तिसरीतली नात दिशा होती. तिने त्यांना पडवीच्या पायरीपाशी उभं केलं आणि मला सांगितलं, "बाई, हे माझे आजोबा. यांना चालायला शिकवा."

शार्दूल आणि अवनी पाढे लिहीत बसले होते. दोघांनीही वह्या मिटल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला चालायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना बघायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, म्हणून पडवीत वाडीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला लागले. लवूदादांची मुलं माझ्या हाताखालून गेली, आता नात जाते आहे. स्वतः लवूदादा मात्र शाळेत चौथीपर्यंतच होते. पुढची पन्नास वर्षं त्यांनी मच्छीमार बोटीवर काढली, त्यातली तीस तांडेल म्हणून, म्हणजे बोटीचे कर्ते म्हणून. भर समुद्रात बोट उभी-आडवी हलत असताना चहाचा थेंब न सांडता पिणारा माणूस. तो वैशाखात स्वतःच्या घरच्या नहाणीत पाय घसरून पडला.

हाड मोडलं नाही. पण धीर मोडला. डॉक्टरांनी चाला म्हटलं होतं, लवूदादा बसले. दोन महिने पडवीतल्या खुर्चीत बसून राहिले आणि मग उठायला गेले तर पाय ऐकेनात.

"मग आत्ताच काय घाई झाली?" मी विचारलं.

"पुनव आली ना, बाई," लवूदादा म्हणाले. "तीन आठवडे ऱ्हायले."

तेवढ्यावरून मला सगळं कळलं. आमच्या वाडीत नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ तबकात ठेवून देवळापासून पाण्यापर्यंत चालत नेतात. तो मान वाडीतल्या सर्वांत वयस्क तांडेलाचा. तबक दोन्ही हातांत धरायचं, वाटेत कुठे टेकवायचं नाही. आणि मध्येच दुसऱ्याच्या हातात दिलं, तर तिथून पुढे मान त्या दुसऱ्याचा. त्या वर्षापुरता नव्हे, कायमचा. गेली नऊ वर्षं तबक लवूदादांच्या हातात होतं. पण दोन्ही हातांत तबक घेतल्यावर काठी धरायची कशात?

"आणि भिकाजी रोज येतोय," ते पुढे म्हणाले.

भिकाजी तांडेल त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. लवूदादा पडल्यापासून ते रोज सकाळी चौकशीला येत. खुर्चीपाशी उभे राहत, लवूदादांच्या गुडघ्यांकडे बघत सुस्कारा टाकत आणि म्हणत, "लवू, तू कायपन काळजी करू नको. मी हाय ना."

"त्या 'मी हाय ना'ने माझी झोप उडवलेय," लवूदादा म्हणाले.

त्यांनी खिशातून डॉक्टरांचा कागद काढला. दोन महिने तो गणपतीच्या तसबिरीमागे खोचलेला होता, त्यामुळे त्याला उदबत्तीचा वास येत होता. मी वाचला. हात न लावता खुर्चीतून दहा वेळा उठणे. भिंतीला धरून एका पायावर उभे राहणे. टाचा उचलणे. सरळ रेषेत चालणे.

"हे तर बालवाडीचं आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर तुमच्याकडे आणलंय," दिशा म्हणाली.

पहिले चार दिवस आम्ही नुसतं उठणं आणि बसणं केलं. मोजायचं काम अवनीकडे दिलं, आणि ती माझ्यापेक्षा कडक निघाली.

"पाच... पाच... आजोबा, तुम्ही हात लावलात. पाचच."

"मी मांडी खाजवली."

"मांडी खाजवताना ढोपराला कशाला दाबलंत?"

लवूदादांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, बोटीवर चौदा गडी माझ्या डोळ्याकडे बघून काम करायचे."

"इथे अवनीच्या डोळ्याकडे बघा," मी सांगितलं. "सहा झाले की पाणी मिळेल."

शिकवण्याबद्दल मला एकच गोष्ट नक्की ठाऊक आहे. जे येत नाही ते लहान लहान तुकड्यांत करून द्यायचं आणि तुकडा जमला की लगेच शाबासकी द्यायची. आठव्या दिवशी लवूदादा दहा वेळा उठले, तेव्हा मी त्यांना वहीत लाल शाईने शेरा दिला. ते वही घरी घेऊन गेले. यमुनावहिनी, म्हणजे त्यांची बायको, दुसऱ्या दिवशी मला विहिरीवर भेटल्या आणि म्हणाल्या, "काय लिहून दिलंत वो त्यांना? जेवताना पण वही ताटाजवळ ठेवलीनी."

दुसऱ्या आठवड्यात मात्र गाडं अडलं. मी पडवीच्या फरशीवर खडूने एक रेघ ओढली आणि लवूदादांना तिच्यावरून चालायला सांगितलं, टाचेपुढे अंगठा, जसं लहान मुलांना चालवते तसं. दोन पावलं झाली की ते डावीकडे कलत. शार्दूल पळत जाऊन धरी. पुन्हा दोन पावलं, पुन्हा कलणं. सलग तीन दिवस हेच.

"आजोबांचे पाय एकमेकांच्या वाटेत येतायत," शार्दूल म्हणाला.

"तुझे येत नाय का?"

"माझे लांब लांब असतात. मी गोलकीपर आहे."

लवूदादा खाली बसले. तोंड उतरलं होतं. "ऱ्हाव दे, बाई. भिकाजीला सांगून टाकतो. निदान मीच दिला असं तरी होईल."

त्या रात्री जेवणावर माझं लक्ष नव्हतं. चौतीस वर्षांत मी किती मुलांना सांगितलं असेल, की तुला समजत नसेल तर चूक माझी, माझी सांगायची पद्धत बदलते. आणि इथे मी तीच रेघ तीन दिवस ओढत होते. आता डोळ्यांपुढे लवूदादा आणले, ते पडवीतले नव्हेत, बोटीवरचे. कमरेवर हात, पाय चांगले फाकवलेले, बोट इकडे गेली की गुडघा तिकडे. पन्नास वर्षं ज्या माणसाने पाय जवळ आणले की पाण्यात पडायचं, एवढंच शिकून ठेवलं, त्याला मी एका रेघेवर उभा करत होते.

दुसऱ्या दिवशी मी रेघ पुसली आणि हातभर अंतर ठेवून दोन रेघा ओढल्या. "डावा पाय डावीकडच्या रेघेवर, उजवा उजवीकडच्या. ही पडवी नाही, बोट आहे. वारा सुटलाय."

"कुठला?"

"ते तुम्ही ठरवा. तांडेल तुम्ही."

त्यांनी मान वर करून थोडं हुंगल्यासारखं केलं, गुडघे सैल सोडले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. काठी खांबाला टेकलेलीच राहिली. चाल काही फार देखणी नव्हती. बदक बाजाराला निघाल्यासारखी होती. पण पडले नाहीत.

मग तबक आलं. दिशाने घरातलं पितळी तबक आणलं, आणि नारळाऐवजी मी त्यात काठोकाठ पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. पहिल्या दिवशी पडवी धुतली गेली. दुसऱ्या दिवशी लवूदादा तांब्याकडे इतके टक लावून बघत चालले की सरळ खांबावर आदळले. "नजर समोर," मी म्हटलं. "तांब्या कुठे पळून जात नाही." पाचव्या दिवशी तांब्यातलं पाणी बोटभर कमी झालं, एवढंच. तेव्हाच यमुनावहिनी तबकाचा माग काढत आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी नवऱ्याला पाण्याचा तांब्या घेऊन येरझाऱ्या घालताना बघितलं.

"पंचावन्न वर्षं संसार केला," त्या मला म्हणाल्या. "पान्याचा पेला कधी जाग्यावरून उचलला नाय. तुमी कुठला मार दिलात?"

"मार नाही, वहिनी. शेरा दिला."

"मग आमच्याकडे पन येऊन द्या."

शेवटचे तीन दिवस आम्ही पुळणीवर गेलो. वाळूत पाय रुततो, उचलावा लागतो, फरशीवरची चाल तिथे चालत नाही. लवूदादा अनवाणी, मागे आम्ही चौघं. भिकाजी तांडेल लांब एका उलट्या होडीवर बसून बघत होते. त्यांनी हाक मारून चौकशी केली नाही. तेव्हा मला वाटलं, आता त्यांचीही झोप उडाली असेल.

पौर्णिमेला सकाळपासून पाऊस होता, दुपारी चारला थांबला. देवळासमोर सगळी वाडी लोटली होती. बेंजोवाले वाजवत होते, पोरं गुलाल उधळत होती. गुरवाने नारळाची पूजा केली आणि तबक पुढे केलं. लवूदादांनी काठी माझ्या हातात दिली.

ते निघाले. पाय फाकलेले, गुडघे सैल, नजर समोर. त्यांच्या मागे एका पावलावर भिकाजी, दोन्ही तळवे पुढे करून, झाडावरचा आंबा आता पडेल आणि आपण झेलू अशा बेताने. दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती. माझी तीन मुलं सर्वांत पुढे होती आणि अवनीचे ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती.

देवळाच्या उताराला शेवाळ होतं. लवूदादा थांबले. गर्दी थांबली. बेंजोसुद्धा जरा मंदावला.

"लवू," भिकाजी मागून हलक्या आवाजात म्हणाले, "दम लागला असंल. दे इकडे."

लवूदादांनी मागे बघितलं नाही. "दम मोजायला ती पोर ठेवलेय. तुझं काय काम नाय."

त्यांनी डावा पाय आडवा टाकला, मग उजवा, खेकड्यासारखे तिरपे उतरत गेले आणि वाळूला लागले. तिथून पुढे मला काळजी राहिली नाही. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तर ते देवळापाशी होते त्याहून ताठ झाले. नेमकी त्याच वेळी मोठी लाट आली. सगळे ओरडत मागे सरले. लवूदादांनी पाय आणखी रोवले आणि तबक छातीशी उचललं. पायांखालची वाळू सरकते तेव्हा काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. भिकाजींचे मात्र पाय सुटले. ते पाण्यात बसायला आले आणि त्यांनी हाताला लागलं ते धरलं.

"धर, धर," लवूदादा शांतपणे म्हणाले. "पन धोतराला नको. खांद्याला धर."

असा तो नारळ पाण्यात गेला. एकाच्या हातातून, आणि दुसरा त्याच्या खांद्याला लटकलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यमुनावहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि पदर काढल्यावर म्हणाल्या, "आता घरी गेल्यावर चार दिवस बोलायची सोय नाय ह्या माणसाशी."

रिकामं तबक गुरवाने घेतलं. लवूदादा वळले, एक पाऊल टाकलं आणि भेलकांडले. पुन्हा सावरले, पुन्हा कलले. मी धावले.

"काय झालं, लवूदादा? दुखतंय का?"

"बाई," ते कानाशी म्हणाले, "हातांचं काय करायचं?"

मी काठी पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण एकाच हातात धरल्यावर दुसरा हात उगीच लोंबकळायला लागला आणि सगळा तोल त्या बाजूला गेला. माझ्या लक्षात आलं. मी त्यांना चालायला शिकवलं होतं ते दोन्ही हातांत तबक धरून. मोकळ्या हातांनी चालायचा धडा घ्यायचा राहूनच गेला होता. मी गुरवाच्या मागे जाऊन तबक परत मागून आणलं. ते हातात येताच लवूदादा सुकाणू हाती आल्यासारखे सरळ चालायला लागले.

आता रिकामं तबक घेऊन परत येणारा तांडेल वाडीने कधी पाहिला नव्हता. लोकांना वाटलं, विधीचाच काही भाग असेल. कुणी त्यात फूल ठेवलं, कुणी पेढा. एका बाईंनी तान्ह्या मुलाचं टोपडं क्षणभर टेकवून परत घेतलं. देवळाशी पोहोचेपर्यंत तबक भरलं होतं. गुरव माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघत होते.

पुढचे आठ दिवस लवूदादा दुकानात, धक्क्यावर, देवळात सगळीकडे तबक घेऊन गेले. धक्क्यावर कुणीतरी त्यात दोन बांगडे टाकले. यमुनावहिनी पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या. "शिकवलंत, आता उतरवा," म्हणाल्या.

मग आम्ही पुन्हा तुकडे केले. तबकाऐवजी ताट. ताटाऐवजी ताटली. सध्या वाटीवर आलो आहोत, आणि वाटी एकाच हातात. दुसरा हात हलायला शिकतो आहे. दिवाळीपर्यंत चमच्यावर येऊ असा शार्दूलचा अंदाज आहे.

काल संध्याकाळी लवूदादा खुर्चीवर उठ-बस करत होते. अवनी सातावर होती. पायरीपाशी कुणीतरी घसा साफ केला. बघते तर भिकाजी तांडेल, काखेत नवंकोरं तबक.

"बाई," ते म्हणाले, "मला पन जरा... तसा मी धडधाकट हाय. पन त्या दिवशी लाटेत काय झालं, ते तुमी बघितलंत."

मी काही बोलायच्या आत लवूदादांनी उठता उठता भिंतीकडे बोट दाखवलं.

"नवीन आलास ना? मागच्या रांगेत बस. आणि मांडी खाजवू नको, ही पोर मोजत नाय."