उजव्या दाराचा आरसा

मी आरसा बोलतोय. घरातला, टिकली लावायचा आरसा नव्हे. भाईंदरजवळच्या मुर्धा गावात मनोरमाबाईंच्या फियाटच्या उजव्या दाराला वाटीएवढा एक गोल आरसा होता ना, तोच मी. डाव्या दाराला तेव्हा कुणीच नव्हतं. त्या काळी एका आरशावर गाड्या चालत.

गाडी घेतली पंढरीनाथरावांनी, मिठागराच्या जमिनीचे पैसे आले तेव्हा. हौस त्यांची, पण शिकायला बसले की गियर टाकताना डोळे मिटायचे. शेवटी त्यांच्या बायकोने, मनोरमाबाईंनी स्टेअरिंग धरलं. त्या दवाखान्यात नर्स. मुर्धा, राई, मोरवा या खाडीकाठच्या गावांत कुणाला कळा सुरू झाल्या की गाडी निघे. माझ्यात एक नजर टाकून त्या गाडी मागे घेत, आणि मला मोठं काम केल्यासारखं वाटे.

खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने माझी चकाकी खाल्ली. काठाकडून पारा उडत गेला, काळे डाग पडले. माझी मानही ढिली झाली; खड्ड्यात गाडी आदळली की मी आभाळाकडे बघत बसे. पण कुणाचं काही अडत नव्हतं. बाई मान वळवून मागे पाहायच्या.

मग एकोणनव्वद साली त्या विहिरीच्या पायरीवरून पडल्या. जीव वाचला, मान मात्र आखडली ती कायमची. डावीकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. तरी त्यांनी गाडी सोडली नाही.

डिसेंबरात एका सकाळी त्या गल्लीतून गाडी मागे घेत होत्या. डावीकडे शेजारची रंभा बोंबील वाळत घालत बसली होती. मला ती दिसणं शक्यच नव्हतं. किंकाळी ऐकू आली तेव्हा तिचं मनगट मोडलेलं होतं.

बाईंनी त्याच गाडीतून तिला इस्पितळात नेलं. घरी येऊन चावी नवऱ्याच्या हातात ठेवली. "विकून टाका. मी पुन्हा बसणार नाही."

दोन महिने मी अंगणात धूळ खात होतो. चिमण्या माझ्यावर चोची मारून जायच्या. मग एक दिवस रंभा आली. हाताचं प्लास्टर निघालं होतं.

"गाडी इकतेस म्हनं?"

"तुझा हात मोडला माझ्यामुळे, रंभा."

"मोडला, तसा जुळला. माज्या सुनेला, चांदणीला सातवा लागलाय. तिला वेळेवर न्यायचं कुनी? दुपारच्याला रिक्षा तरी गावतेय का हितं?"

"अगं, मान वळत नाही माझी."

"मंग ह्यो आरसा कशाला हाय?" तिने पदराने माझं तोंड पुसलं, वाकून पाहिलं. "यात माजं थोबाडपन दिसत न्हाय! बाय, आरसा नीट कर. त्या अंगालाबी एक लाव."

ज्या बाईला लागलं होतं, तीच हे सांगत होती. मनोरमाबाई मग आत जाऊन चपला घालून आल्या.

भाईंदर पूर्वेला बबनचं गॅरेज होतं. मला खोलताना माझे दोन स्क्रू तुटले. त्याने गंज घासून काढला, वाटीला नवा मुलामा चढवून आणला, नवी काच कापून बसवली. मानेत सायकलच्या ट्यूबची चकती घालून मला असा आवळला की मी पुन्हा कधी आभाळाकडे पाहिलं नाही.

डावीकडे त्याने भंगारातून माझ्यासारखाच एक आणला. दाराला भोक पाडायला ड्रिल लावलं तेव्हा पंढरीनाथराव कळवळले, "अरे, चांगल्या दाराला भोक?"

"काका, त्याशिवाय बसणार कसा?" बबन म्हणाला. त्याने डाव्या भावाचा दांडा लांब केला, म्हणजे खिडकीची चौकट आड येणार नाही. काच फुगीर घातली. "बाई, यात जास्त दिसतं, पण लांब वाटतं. माणूस दिसतं त्यापेक्षा जवळ असतं, ध्यानात ठेवा."

खरं सांगतो, मला त्या नव्याचा थोडा हेवा वाटला. त्याच्यात अर्धा रस्ता मावत होता.

मग अंगणात रंभा गाडीभोवती फिरायला लागली. बाई आत बसून सांगत होत्या, बबन आम्हाला बोटाबोटाने हलवत होता.

"दिसतेस. दिसतेस. आता… रंभा, कुठे गेलीस?"

"हितंच हाय, तुज्या दाराच्या मागं!"

बबनने पुन्हा हलवलं. एक पट्टा राहिलाच, जिथे आम्हा दोघांपैकी कुणालाच काही दिसेना. बाईंचा चेहरा उतरला. हात चावीवरून निघाला.

"थितं आवाज दे," रंभा म्हणाली. "न्हायतर उतरून बघ. पाय तर धड हायेत ना तुजे?"

बाई हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा. गाडी सुरू केली आणि दहा पावलं मागे घेतली. रंभा शेजारून चालत होती.

एप्रिलमध्ये भर दुपारी चांदणीला घेऊन आम्ही भाईंदरला गेलो. मुलगी झाली. त्यानंतर आठ वर्षं बाईंनी गाडी चालवली, कुणाला ओरखडाही उठला नाही.

अठ्ठ्याण्णव साली डोळ्यांनीही दगा दिला, तेव्हा त्यांनी स्वतःच थांबायचं ठरवलं. गाडी घेतली शांती नगरच्या रोशनने. जुन्या गाड्यांचं वेड त्याला. आतून हलवता येणारे आरसे बसवायचा त्याचा विचार होता, पण दाराला आणखी भोकं पाडायला मन धजलं नाही. त्याने आम्हाला फक्त आपल्या उंचीला फिरवून घेतलं.

गाडी फाटकाबाहेर निघाली आणि मनोरमाबाई पहिल्यांदाच माझ्यात आल्या. आजवर मी त्यांना दुसरी माणसं दाखवत होतो. दोन्ही हातांनी फाटक धरून त्या उभ्या होत्या, लहान लहान होत.

रोशनने माझ्यात पाहिलं. ब्रेक दाबला, उतरून मागे गेला.

"बाई, मोठ्या रस्त्यापर्यंत येता? मी परत सोडतो."

त्या डावीकडे बसल्या. त्या जागेवर त्या कधी बसल्याच नव्हत्या. मागचं बघायची आता गरज नव्हती. काच खाली करून त्या रस्ताभर खाडीकडे बघत राहिल्या.

आता मी शांती नगरच्या एका सोसायटीत ताडपत्रीखाली असतो, रविवारी बाहेर पडतो. मागणं एवढंच आहे: आरशात नुसत्या मागच्या गाड्या बघू नका. कधी कुणी माणूस उभं दिसेल. दिसलं, तर गाडी थांबवा.