शिफाबाबाचा रूळ

रविवारी सकाळी खडकवाडीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलो, तर रस्त्याला माणसंच माणसं. कुणी म्हाताऱ्याला पाठुंगळीला घेतलेलं, कुणाच्या कडेवर तापलेलं पोर, कुणाच्या काखेत कोंबडी. सगळे देवाकडे बरे व्हायला चालले होते. देव लोखंडाचा होता.

पूर्वी तिथे खडीची खाण होती आणि खडी वाहायला इगतपुरीच्या मेन लाइनपासून रेल्वेचा एक फाटा आला होता. खाण बंद पडली, फाटाही बंद पडला. बरेचसे रूळ रेल्वेने उचलले, काही रात्री आपोआप उचलले गेले. डोंगर कापून काढलेल्या वाटेत माती ढासळली होती, तिच्यात अर्धवट दबलेला एक रूळ तेवढा शिल्लक राहिला. त्याच्या टोकाशी एक खांब आणि खांबावर पिवळा पत्रा. पत्र्यावर काळ्या रंगात दोन अक्षरं होती: सी आणि फा. मधली तिरपी रेघ गंजाने खाल्ली होती. उरलेल्या अक्षरांना आता शेंदूर फासलेला होता.

मी नाशिकरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. सुटीच्या दिवशी सोडून दिलेल्या रेल्वेलायनींवरून पायी हिंडायचा मला नाद होता. माझी बायको त्याला भंगार बघायला जाणं म्हणायची. आमच्या शाळेचा शिपाई सावळीराम मला याच नादामुळे इथे घेऊन आला होता. त्याची बायको चांगुणा इथेच गावी सासूजवळ राहायची. तिला टी.बी. झाला होता. घोटीच्या सरकारी दवाखान्यातल्या सुया आणि गोळ्यांनी खोकला कमी होत आला होता, तेवढ्यात हा देव निघाला. देवाने, म्हणजे त्याच्या बाबाने, औषध बंद करायला सांगितलं, आणि सासूने, विठाबाईंनी, ते बंद केलं. खोकला परत आला होता.

बाबा मालेगावकडचा. बोलण्यात ‘आहे’च्या जागी मधूनच अहिराणी ‘शे’ यायचं. शिफा म्हणजे आराम पडणं, हा उर्दू शब्द त्याने तिथल्या बाजारात ऐकलेला असावा.

“वाचा, काय लिवलंय? सीफा. म्हंजे शिफा. शिफा म्हंजे आराम. आन् ह्ये मी नाय लिवलं, सरकारनं लिवलं शे. सरकार खोटं लिवतं का?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणीबाणी नुकतीच उठली होती, सवय मोडायला वेळ लागतो.

देवाची रीत सोपी होती. आजाऱ्याने रुळाला कान लावायचा. बाबा चिमटा रुळावर आपटून देवाला उठवायचा आणि विचारायचा, “आराम पडला का?” मग रुळातून ठोका ऐकू यायचा. एक ठोका म्हणजे पडला, दोन म्हणजे नाही पडला, पुन्हा या. मी तासभर बघत उभा राहिलो. बाबाने एकदा चिमटा आपटला की देव एकदा बोलायचा, दोनदा आपटला की दोनदा. नारळ-कोंबडी आणणाऱ्यांना बहुतेक एकच ठोका मिळत होता.

रूळ पुढे त्या कापलेल्या वाटेत शिरून वळत होता. वळणाच्या तोंडाशी चुन्याची रेघ मारलेली होती. “पल्याड देवाची गाडी फिरती,” बाबा सांगत होता. “रेघ वलांडंल तो आंधळा व्हईल.” मी रेघ ओलांडली नाही. डोंगराला वळसा घालून खाणीच्या बाजूने लाइनीवर उतरलो आणि उलटा चालत आलो. नाहीतरी ती बाजू मला बघायचीच होती.

रुळाच्या दुसऱ्या टोकाला गोणपाटावर एक माणूस बसला होता. एका हातात हातोडी, दुसऱ्यात विडी, कान रुळाला.

“राम राम,” मी म्हणालो. “काय चाललंय?”

“डिवटी.”

“कसली?”

“तिकडून जेवढं वाजतं तेवढं हिकडून वाजवायचं. जास्त बोलू नका, मोजाया चुकतो.”

“आणि हे कुणासाठी?”

“देवासाठी म्हनत्यात. मी अजून पाह्यला नाय.”

त्याचं नाव सहादू. त्याला दिवसभरात भाकर मिळत नव्हती, हीच त्याची एक तक्रार होती.

परतताना मी सावळीरामला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो तिथेच ओरडून लोकांना सांगेल. त्याने मान हलवली.

“आपण सांगून नाय पटायचं, सर. आई म्हनंल, मास्तरनं कान फुकले. देवानंच सांगाया पायजे.”

पुढच्या रविवारी तो भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन खाणीच्या बाजूने गेला. मी गर्दीत विठाबाईंच्या मागे उभा राहिलो. चांगुणाला दोन पावलं चाललं की धाप लागत होती. तिच्याकडे बघून मला त्या बाबाचा असा राग आला की मी हात खिशात घालून ठेवले.

तिने रुळाला कान लावला. बाबाने एकदा चिमटा आपटला. “या लेकीला आराम पडला का?”

चांगुणा ऐकत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली.

“काय म्हनला देव?” विठाबाईंनी विचारलं.

“थांबा जरा.”

ती तशीच ऐकत राहिली आणि मग हसली. आजारी पडल्यापासून ती हसली नव्हती, असं विठाबाई नंतर म्हणाल्या.

“आत्याबाई, ह्यो देव नाय. आमचं घरचं हायेत.”

सावळीराम दर शनिवारी शेवटच्या गाडीने गावी यायचा आणि दाराची कडी वाजवायचा. दोन ठोके जोडून, मग थांबून एक, पुन्हा दोन जोडून. ती कडी ऐकल्याशिवाय ही माणसं दार उघडत नसत. आता तीच कडी रुळातून वाजत होती.

विठाबाई खाली बसल्या, पदर सावरून त्यांनीही कान लावला.

“सावळ्याच हाय.”

“माय, देव कोनाचंबी रूप घेतो,” बाबा घाईने म्हणाला.

“घेऊ दे. कडी माझ्या पोराची हाय.”

तोवर चांगुणा उठली होती. खोकत, थांबत, ती चुन्याची रेघ ओलांडून गेली. लोक तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. ती आंधळी झाली नाही, तेव्हा सगळे मागोमाग निघाले. वळणापलीकडे सहादू भाकरी खात होता आणि सावळीराम घामाघूम होऊन कडी वाजवत होता. तिला बघून त्याने हातोडी खाली ठेवली.

मग मी शाळेतलाच धडा घेतला. हवेपेक्षा लोखंडातून आवाज चांगला आणि दूर जातो. प्रत्येकाने एकदा हातोडी घेतली, एकदा कान लावला. आम्ही परत खांबापाशी आलो तेव्हा बाबा गेला होता. नारळ नेले होते, कोंबड्या ठेवल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या.

“मग ह्ये सीफा काय हाय?” विठाबाईंनी विचारलं.

“हिंदी आहे ते. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक. पुढे फाटक आहे, शिट्टी वाजव.”

“म्हंजी ह्ये आपल्याला लिवलेलंच नाय?”

“नाही. इंजिनाच्या ड्रायव्हरला लिहिलंय.”

विठाबाई त्या पत्र्याकडे बघत राहिल्या. गोळ्यांची पुडी त्यांनी स्वतःच्या हाताने त्या खांबाखाली पुरली होती. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन त्या घोटीच्या दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांची बोलणी मान खाली घालून ऐकली, आणि औषध पहिल्यापासून सुरू झालं. या खेपेला गोळी विठाबाई स्वतः समोर बसून द्यायच्या. चांगुणा बरी झाली, पण वेळ लागला. टी.बी.ला वेळ लागतोच.

तुमच्या गावात उद्या एखादा देव बोलू लागला, तर त्याला नमस्कार करायच्या आधी आवाज येतो त्या दिशेने चालत जा. कुणी चुन्याची रेघ मारली असेल तर ती मुद्दाम ओलांडा. आणि काहीही झालं तरी डॉक्टरची गोळी चुकवू नका.

सावळीराम अजून शनिवारी गावी जातो. कडी वाजली की चांगुणा लगेच उघडत नाही. आतून विचारते, “कोन देव हाय?”