डबक्याच्या मधून

हिवाळा सरला, म्हणजे लोकांच्या मते सरला, की सायकलवाल्यांच्या पायांना खाज सुटते. महिनोन्‌महिने घरातल्या घरात एका जागी पायडल मारून कावलेली ही मंडळी पहिलं ऊन पडलं की दारात सायकली उलट्या उभ्या करतात आणि साखळीला तेल पाजत बसतात. नेमकी त्याच दिवशी डोंगराच्या पायथ्याशी पाटी लागते: 'वाट बंद. माती ओली आहे. हो, तुमच्यासाठीसुद्धा.'

पाटी लावणाऱ्या बाईंना सगळे कुलूपबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती फक्त त्यांच्या नवऱ्याची होती. बाईंचं पोटापाण्याचं काम लाँड्रीचं, आणि डोंगरावरच्या सायकलवाटेची देखभाल हा फुकटचा उद्योग. लाँड्रीत गिऱ्हाइकाचं थोडंफार ऐकून घ्यावं लागतं, डोंगरावर ती भानगड नव्हती.

तसं बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. या दिवसांतली माती महाफसवी. सकाळी गोठून टणक, दुपारी ऊन चढलं की वरचा थर लोण्यासारखा मऊ, आणि खाली बर्फाची लादी तशीच, त्यामुळे पाणी मुरायला जागा नाही. अशा मातीवरून सायकल नेली की चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साठतं, उतार मिळाला की धावत सुटतं, जाताना माती घेऊन जातं आणि उन्हाळ्यात वाटेवर नुसते दगड उरतात. म्हणून बाईंनी नियम केले होते. टाच दाबायची, ठसा उठला तर गुमान घरी जायचं. डबकं लागलं तर सरळ मधून जायचं, वळसा घालायचा नाही. एकाने वळसा घातला की काठ तुटतो, दुसरा त्याहून मोठा वळसा घालतो, आणि बघता बघता पायवाटेचा हमरस्ता होतो. बूट भिजले तर भिजू देत, बुटांसाठी लाँड्री आहेच.

आणि बंद वाटेवर जो चाकोरी पाडेल, त्याने रविवारी सगळ्यांदेखत ती बुजवायची. तो बुजवत असताना बाकीच्यांनी त्याची यथेच्छ टर उडवायची. लोक शिक्षा बघायला येत ते या दुसऱ्या भागासाठी. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरची अशी काही हजेरी घेतली होती की तो नंतर कितीतरी दिवस पेशंटच्या तोंडात बघताना खाली मान घालून असे.

या सगळ्यात बाईंच्या घरी यंदा एक वेगळीच पाटी लागली होती. हिवाळ्याच्या तोंडाशी नवऱ्याच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. माणूस आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत उंच इमारतींच्या पोटात लोंबकळलेला, कधी साधी शिंक न आलेला, आणि एके दिवशी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला तो उठेचना. बाईंनी त्या दिवशी जी भीती खाल्ली ती अजून पचली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं, 'आता हळूहळू सायकल सुरू करा, कराच.' बाईंनी त्यातलं 'हळूहळू' तेवढं उचललं आणि त्याचा अर्थ पुढच्या वर्षी असा लावला. नवऱ्याची सायकल लाँड्रीच्या मागच्या खोलीत, कुणी न्यायला न आलेल्या कोटांच्या मागे गेली. किल्ली बाईंच्या कमरेला.

शनिवारी दुपार कलल्यावर बाई फावडं आणि दाताळं घेऊन डोंगरावर निघाल्या. वाटेवरचं पाणी बाजूला काढायला उताराकडे लहान लहान चर मारलेले असतात. हिवाळ्यात त्यांत पाला बसतो, तो ओढून काढायचा होता. पहिल्याच वळणावर त्या थबकल्या.

चाकोरी. ताजी, खोल, आणि निर्लज्ज.

बाईंना सणसणीत राग आला, आणि रागाच्या मागोमाग गोड गुदगुल्याही झाल्या. त्या गुडघ्यावर बसल्या. टायरची नक्षी उलट्या बाणांची होती. तसले टायर या पंचक्रोशीत एकाच माणसाकडे होते, आणि त्याने जेवायला येऊन त्या टायरांचं कौतुक बाईंना तासभर ऐकवलं होतं. जावई! लेकीने स्वतः पसंत केलेला, म्हणून बाई आजवर तोंड दाबून बसल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"डोंगरावर कोण गेलं होतं?"

जावई म्हणाला, "मी. सॉरी, आई. उद्या येऊन बुजवतो."

"एवढंच?"

"एवढंच. शिव्या काय द्यायच्या त्या उद्या द्या."

बाईंनी फोनकडे संशयाने पाहिलं. हा मुलगा कधी चूक कबूल करत नसे. एकदा कॉफीत साखरेऐवजी मीठ पडलं तेव्हा 'असंच पितात हल्ली' म्हणत त्याने अख्खा कप रिचवला होता. आणि आज एका वाक्यात सुतासारखा सरळ?

बाई चाकोरीच्या कडेकडेने वर निघाल्या. पुढे मोठं डबकं होतं. चाकोरी त्यात सरळ मधून शिरली होती आणि सरळ मधून बाहेर पडली होती. बाईंच्या कपाळावर आठी पडली. जावई म्हणजे बूट जपणारा प्राणी. ओली फरशी दिसली तरी वळसा घालायचा. त्याच्या पुढचं डबकं, तेही मधून. आणि त्याच्या पुढे तर कमालच. पाल्याने तुंबलेला चर कुणीतरी टाचेने मोकळा केला होता, पाणी झुळझुळ बाहेर पडत होतं. चोर घरात शिरून भांडी घासून गेला, असा प्रकार!

बंद वाटेवर चोरून यायचं आणि तरी डबक्यातून मधूनच जायचं, वर चरही साफ करायचा, असं करणारा माणूस जगात एकच होता. त्याला हे सगळं बाईंनीच शिकवलं होतं, लग्न झाल्यापासून, कान किटेपर्यंत.

चढाला चाकोरी डगमगू लागली. मग चाकांच्या शेजारी बुटांचे ठसे आले. डावा पाय बाहेर टाकलेला. उतरला इथे. ढकलत नेली. इथे दोन्ही ठसे जवळजवळ, खोल. थांबला. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबला. बाईंची स्वतःची पावलं भरभर पडू लागली. वर सपाटीवर एक बसका दगड होता, त्याच्यासमोर माती तुडवलेली. इथे बसला. किती वेळ बसला? एकटाच, फोन तरी जवळ होता का? माती बाकी सगळं सांगते, एवढं सांगत नाही.

पलीकडचा उतार बघायला बाई थांबल्याच नाहीत. चर राहिले, पाला राहिला. दाताळं खांद्यावर टाकून त्या आल्या वाटेने जवळजवळ पळतच घरी आल्या.

नवरा सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपला होता. बाई दारात उभ्या राहून पेपर वर-खाली होतो का ते बघत राहिल्या. होत होता. शस्त्रक्रियेपासून हा त्यांचा नेमच झाला होता. मग त्यांचं लक्ष गॅलरीत गेलं. दोरीवर पँट वाळत होती, धड न पिळलेली, टपटप गळणारी.

"आज पँट धुतलीत वाटतं?" तो जागा झाल्यावर त्यांनी विचारलं.

"म्हटलं, तुझं काम थोडं हलकं करावं."

"अहो, लाँड्री आहे आपली."

"म्हणून तर. गिऱ्हाइकांचे कपडे आधी, घरचे मागाहून."

लग्नापासून या माणसाने स्वतःचा हातरुमाल धुतला नव्हता. बाईंच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण समोर तो जेवत होता आणि दुसऱ्यांदा वाढून घेत होता. किती दिवसांनी! इतके महिने अन्नाशी नुसता चाळा करणारा माणूस आज ताट पुसून खात होता, आणि गालांवर चक्क रंग होता. बाईंनी भाजीचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. सासऱ्या-जावयाचं गूळपीठ कळलं, सायकल कुणाची तेही कळलं. कळल्याचं दाखवलं तर उद्या नवऱ्याला फावडं धरावं लागेल. त्यापेक्षा जावयालाच बुजवू दे, तो तरणाबांड आहे, असं त्यांनी ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला.

रविवारी वाट जिथे पलीकडच्या उताराने खाली येते, तिथे सगळी मंडळी जमली. दातांचा डॉक्टर तर वर्षभराचं उसनं फेडायला आल्यासारखा सर्वांत आधी हजर. बेकरीवालीने कालचे पाव आणले होते. नवरा मफलर गुंडाळून, हातात थर्मास घेऊन कडेला उभा. "तुम्ही लांबच उभे राहा," असं बाईंनी त्याला बजावलं होतं.

जावयाने फावडं उचललं. "बघा बघा, बाणवाले टायर!" डॉक्टर ओरडला. "बाण दाखवतोय चिखल कुठेय ते!"

"फावडं उलटं धरलंयस रे!" बेकरीवाली म्हणाली.

"थांबा," नवरा म्हणाला. त्याने थर्मास खाली ठेवला. "ते फावडं इकडे आण."

"बाबा, तुम्ही बसा ना."

"सायकल तुझी. चाकोरी माझी."

बाई तीरासारख्या पुढे झाल्या. "काहीतरीच काय! कुणी ऐकू नका त्यांचं. मी... मी गेले होते. वाट तपासायला."

डॉक्टरने चाकोरीशेजारच्या बुटाच्या ठशाकडे पाहिलं, बाईंच्या पायांकडे पाहिलं. "बाई, त्या एका ठशात तुमचे दोन्ही पाय मावतील."

कुणीतरी फिसकन हसलं. नवरा मात्र हसला नाही. तो बाईंच्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात बोलू लागला, पण डोंगरावर हळू काही राहत नाही.

"कुलूपबाई, मी काय खायचं ते तू ठरवतेस. कधी झोपायचं ते तू ठरवतेस. सायकल कोंडलीस, मी काही बोललो नाही. आता गुन्हासुद्धा स्वतःच्या नावावर करतेस? निदान तो तरी माझा राहू दे की गं."

"तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" बाईंचा आवाज चिरकला. "त्या दगडावर बसला होतात ना? सगळं दिसलं मला. चार चार पावलांवर थांबलात. एकटे!"

"थांबलो. घाबरलो होतो." त्याने मफलर सैल केला. "बराच वेळ घाबरून बसलो. मग घाबरून कंटाळा आला. ही पाटी तू माती वाळली की काढतेस ना? मग माझ्यावरची कधी काढणार आहेस?"

बाईंनी जावयाच्या हातातलं फावडं काढून घेतलं, क्षणभर स्वतःजवळच धरून ठेवलं, आणि मग नवऱ्यापुढे केलं.

तो कामाला लागला. चाकोरीचे काठ आत ढकलायचे, वरून कोरडी माती टाकायची, टाचेने दाबायची. एक फावडं, दम. दुसरं फावडं, दम. आणि टर उडवायला जमलेली ती सगळी वात्रट मंडळी एकाएकी सभ्य झाली.

"सावकाश हं, काका," बेकरीवाली म्हणाली.

"पाणी देऊ का?" डॉक्टरने विचारलं. त्याने तर डोक्यावरची टोपीही काढली होती.

"टोपी काय काढतोस?" नवरा म्हणाला. "गेलो नाही मी अजून."

कुणी हसलं नाही. डॉक्टर फक्त ओठ मिटून हसल्यासारखं करत राहिला, दाढ काढण्यापूर्वी पेशंटला बघून हसतात तसं. नवऱ्याचा चेहरा पडला. फावडं आणखी जड झाल्यासारखं त्याने टेकवलं. डॉक्टरचं ते हसू बाईंनी ओळखलं. गेले कित्येक महिने रोज सकाळी औषधाची गोळी देताना त्या स्वतः असंच हसत होत्या. त्यांना स्वतःची चीड आली. पुढे धावून फावडं ओढून घ्यावं म्हणून हात शिवशिवत होते, ते त्यांनी कोटाच्या खिशात कोंबले आणि नवऱ्याकडे बघवेना म्हणून वर उताराकडे पाहिलं.

तिथे मातीचा एक उंचवटा होता. चाकोरी उंचवट्यापर्यंत आली होती आणि माथ्यावर संपली होती. नंतर थोडं अंतर माती कोरी, आणि मग चाकोरी पुन्हा सुरू. बाई दोन पावलं वर गेल्या. पुन्हा पाहिलं. ब्रेक मारल्याची एक खूण कुठे असेल तर शपथ.

"अहो!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की जावई दचकला. "फावडं आहे ते, थर्मामीटर नाही! मातीला ताप आलाय का? दाबा जोरात! बसून बसून दगड झिजवलात, आता चाकोरी बुजवताना का कंबर धरताय?"

जावई खोकल्यासारखं हसला. "बाबा, माझ्या सायकलचं भाडंही राहिलंय," तो म्हणाला, आणि बांध फुटला. डॉक्टर, बेकरीवाली, सगळे एकदम तुटून पडले. नवरा ताठ झाला, हातांवर थुंकला आणि फावडं मातीत घातलं.

"आणि वर ही उडी!" बाईंनी उंचवट्याकडे बोट दाखवलं. "छाती शिवून आलेल्या माणसाने उड्या मारायच्या? लाज नाही वाटली?"

नवऱ्याचे हात थांबले. त्याने घामेजलेला, लालबुंद चेहरा वर केला. डोळे पोरासारखे चमकत होते.

"उडी दिसतेय? खरंच दिसतेय?" त्याने विचारलं. "किती लांब होती गं?"

बाईंनी खिशातून हात बाहेर काढले आणि पसरून दाखवलं. होती त्याच्या दुप्पट.