ड्रॉवरमधले तीन दिवस

मी रक्तातली साखर मोजणारा एक जुना मीटर आहे. मित्रांनो, माझी सगळी नोकरी अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात झाली. नवा होतो तेव्हा माझं कौतुक होतं. रक्ताचा थेंब मिळाला की पाच सेकंदांत आकडा सांगायचो आणि तारीख-वेळेसकट तो पोटात जपून ठेवायचो.

पुढे तुरुंगाचा दवाखाना एका कंपनीकडे गेला. चार नर्सच्या दोन झाल्या. मी दिवसचे दिवस ड्रॉवरमध्ये पडून असायचो, तरी कागदावर माझ्या नावाने आकडे पडत होते. ते येत होते कुठून? तेव्हापासून मला पेनाचा संशय येऊ लागला.

एका सोमवारी वेंडेल टॅकेटला आणलं. घरांची छपरं घालणारा माणूस. कोर्टाची तारीख चुकली म्हणून पकडलेला.

"मॅडम, मला रोज चार वेळा इन्सुलिन लागतं," तो काकुळतीने म्हणाला.

"इथे येणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही लागतंच," नर्स कोरली म्हणाली आणि तिने लिहिलं, एकशे बेचाळीस. मी बंद ड्रॉवरमध्येच होतो!

मंगळवारी एकशे अडतीस. बुधवारी एकशे चाळीस. पलीकडे वेंडेल सारखं पाणी मागत होता, ओकत होता.

"नाटकं पुरे झाली रे," पहारेकरी हसला.

गुरुवारी सकाळी ड्रॉवर उघडला. कोरलीने मला उचललं आणि वेंडेलच्या बोटाला सुई टोचली. वेंडेलची साखर माझ्या मापाबाहेर गेली होती. हॉस्पिटलच्या वाटेवरच तो गेला.

त्याची बहीण व्हर्लीन हिने काउंटीवर आणि कंपनीवर दावा लावला. लगेच कंपनीचा माणूस गोड हसत आला. "जुना झालाय, टाकून देतो." पण मला हात लावायचा नाही असा कोर्टाचा हुकूम आधीच पोचला होता.

"मीटरमध्ये सोमवार ते बुधवार एकही चाचणी नाही. मग हे आकडे कुणाचे?" व्हर्लीनच्या वकीलबाईंनी कोर्टात विचारलं.

"मीटर विसरला असेल," कोरली पुटपुटली.

"आणि गुरुवारची तेवढी आठवली?"

ज्यूरीने काउंटी आणि कंपनी, दोघांनाही जबाबदार धरलं. व्हर्लीन मात्र बाकावर बसूनच राहिली. "एकदा कुणीतरी त्याच्या तोंडाकडे तरी बघायचं होतं," ती म्हणाली.

मित्रांनो, कुणी बरं वाटत नाही म्हणालं, तर आधी त्याच्याकडे बघा. नुसत्या कागदावर भरवसा ठेवू नका. माझ्यावरही नको.