आठव्या खणात आठ

गुंडुलाच्या हातून ते घडलं शनिवारी दुपारी. छोट्या मॉडेल-रेल्वेच्या क्लबच्या खोलीत तेव्हा ती एकटीच होती. दुसऱ्या दिवशी नाताळाआधीचं, अ‍ॅडव्हेंटचं प्रदर्शन, आणि क्लबातल्या ओटमारचं छोटं वाफेचं इंजिन निघताना किंचित हिसका देत होतं. ओटमार तीन आठवडे इस्पितळात; उजवं अंग गेलेलं, वाचा बसलेली.

इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप. तिच्यात क्रमांकाचे खण, आणि दर खणात एक आकडा: किती सावकाश निघायचं, किती लांबून वेग उतरवायचा. गुंडुलाला तिसऱ्या खणात आठ टाकायचे होते, ते तिने आठव्यात टाकले. आठव्यात आठ म्हणजे सगळं पुसून कोरं! बटण दाबलं नि तिच्या तोंडचं पाणी पळालं. इंजिन बेडकासारखं उडी मारून निघालं. ओटमारची अकरा वर्षांची मेहनत गेली.

तिने त्याच्या बायकोला, रोझविताला, फोन लावला.

"त्याने आकडे कुठे लिहून ठेवलेत का गं?"

"तो कसला लिहितोय! दुकानातून काय आणायचं तेसुद्धा डोक्यातच ठेवायचा. का गं?"

"काही नाही, सहज."

पण तिचं बूड खुर्चीला टेकेना. शेवटी इंजिन, कंट्रोलर आणि दीड मीटर रूळ पिशवीत कोंबून तिने इस्पितळाची बस धरली.

"ओटमार, मी तुझं इंजिन पुसून टाकलं," दारातूनच तिने सांगून टाकलं. "हवं तर शिव्या घाल."

शिव्या देता येत नव्हत्या. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले, अंदाजाने आकडे भरले, इंजिन सोडलं. धाडकन निघालं. पुन्हा भरले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पलंगावरून गुरगुर ऐकू आली. ओटमारने डावा हात लांब करून कंट्रोलर तिच्याकडून हिसकावून घेतला.

बोट चुकत होतं. दोनाचे बावीस होत. तो चिडे, पुसे, पुन्हा दाबे. जेवणाचं ताट घेऊन आलेली नर्स दारातच थांबली.

"आम्ही चमचा हातात दिला तर फेकून देतात हे."

"चमच्याला कुठे चाकं असतात?" गुंडुला म्हणाली.

तासाभराने इंजिन लोण्यावरून घसरल्यासारखं निघालं. थांबण्याचं मात्र जमेना. तेवढ्याला रूळ पुरत नव्हते. ओटमार थकून झोपला.

रविवारी दर फेरीला गाडी फलाट सोडून डबाभर पुढे जाई. पाहुण्यांच्या काही लक्षात आलं नाही. गुंडुला मात्र दर वेळी पुढे गेलेल्या त्या डब्याकडेच बघे. खंत लागली ती लागलीच.

सोमवारी सकाळी ती चार मीटर रूळ घेऊन वॉर्डात हजर झाली. नर्सने कपाळाला हात लावला. "एवढे मांडणार कुठे, बाई?"

ओटमारने डाव्या हाताने बाहेरच्या लांब व्हरांड्याकडे बोट दाखवलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आपणहून पाय पलंगाखाली सोडले.